पिकाचे सोळा आणे : भारत आकड्याची चूक मोजायला कसा शिकला

१/
१९१८ साल. मुंबई इलाख्यातील गुजरातचा खेडा जिल्हा. अवेळी पावसाने पीक बुडाले होते आणि सरकारचा सारा मात्र उभा होता. मोहनदास गांधी व वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली येथे जो सत्याग्रह झाला, त्याची नोंद पाठ्यपुस्तकांत करबंदीचा लढा अशी आहे. त्या लढ्याच्या मुळाशी एक आकडा होता : पीक चार आण्यांहून कमी, की अधिक?

२/
हा आकडा म्हणजे ‘आणेवारी’. उत्तम पिकाला सोळा आणे मानावे आणि चालू हंगामाचे पीक त्याच्या किती आणे आले, हे नजरेने ठरवावे, अशी ती रीत होती. गावकामगार शिवारावरून नजर फिरवी, अंदाज बांधी, वरिष्ठ तो कमी-अधिक करीत आणि अखेरीस कलेक्टर कचेरीत एक आकडा कायम होई. सारामाफी, तहकुबी, दुष्काळी कामे, असे सारे काही पुढे त्या आकड्याच्या मागून चाले.

३/
महसुली नियम असा होता की, पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी. सरकारी कागद सांगे, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी सांगत, चार आण्यांच्या खाली आहे. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी व अमृतलाल ठक्कर यांनी खेड्यापाड्यांत जाऊन चौकशी केली. गांधींनी आपल्या कार्यकर्त्यांकरवी स्वतंत्र आणेवारी काढविली. एकाच शिवाराचे दोन आकडे समोरासमोर उभे राहिले.

४/
त्या वादाचा निकाल आकड्यांनी लागला नाही. जून १९१८ मध्ये, सुस्थितीतील शेतकऱ्यांनी सारा भरावा व गरिबांची वसुली तहकूब राहावी, अशी तडजोड झाली. पीक किती आणे होते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. तो सुटणेही शक्य नव्हते; कारण दोन्ही बाजूंच्या अंदाजांत चूक किती असेल, हे सांगण्याचे साधन कोणाजवळच नव्हते.

५/
आज ‘डेटा’ हा शब्द नोकरीच्या जाहिरातीपासून निवडणुकीच्या चर्चेपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. मात्र आकडे गोळा करणे ही भारतात नवी गोष्ट नाही. पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे शतकानुशतके आकड्यांनी भरत होती. विसाव्या शतकात नवे घडले ते हे, की आकड्याबरोबर त्याची संभाव्य चूकही मोजली जाऊ लागली. आकड्याचे खरे मोल तेव्हापासून वाढले. ही त्या बदलाची कथा.

६/
खेड्याच्या आधी वर्षभर, १९१७ मध्ये, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी दख्खनच्या एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेडे होते पुण्याजवळचे पिंपळे सौदागर. मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील प्रत्येक तुकडा, प्रत्येक कुटुंब, प्रत्येक कर्ज टिपले. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. गावातील शंभरेक कुटुंबांपैकी साठाहून अधिक कुटुंबांचा मेळ शेती व बाहेरची मजुरी या दोहोंच्या उत्पन्नातूनही बसत नव्हता.

७/
पुढे १९२१ मध्ये मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा असाच अभ्यास मांडला. नजरअंदाजाच्या जागी येथे मोजणी आली. तरी एक शंका उरलीच : एका गावाचे सत्य साऱ्या दख्खनचे सत्य कसे मानावे? आणि प्रत्येक गाव असे मोजायचे म्हटले, तर त्याला माणसे, पैसा आणि वर्षे कोठून आणावीत?

८/
या प्रश्नाचे उत्तर मराठी स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे : शितावरून भाताची परीक्षा. सारा भात चाखावा लागत नाही. मात्र त्यात एक अट दडलेली असते. शीत भांड्याच्या कोणत्याही भागातून, आवडनिवड न करता उचललेले असले पाहिजे. नेमके वरचेच शीत चाखले, तर तळाला लागलेला भात कळत नाही. संख्याशास्त्रात या अटीला ‘यादृच्छिक निवड’ म्हणतात. ती पाळली, तर निष्कर्ष किती चुकू शकेल याचेही गणित मांडता येते.

९/
हे गणित भारताच्या शिवारात नेणारे पहिले मोठे नाव म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस. १८९३ मध्ये कलकत्त्यात जन्मलेले हे गृहस्थ मूळचे भौतिकशास्त्राचे. केंब्रिजचे शिक्षण संपवून १९१५ च्या सुमारास परतताना ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे अंक त्यांनी सोबत घेतले आणि बोटीवर वाचून काढले. डिसेंबर १९३१ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या प्रयोगशाळेतून भारतीय सांख्यिकी संस्था जन्मास आली. १९३३ पासून ‘सांख्य’ हे तिचे नियतकालिक निघू लागले.

१०/
बंगालमध्ये अडचण अधिक बिकट होती. १७९३ च्या कायमधारा पद्धतीमुळे सारा कायमचा ठरून गेलेला. त्यामुळे दरवर्षी शिवार पाहून नोंद ठेवणारी गावपातळीची महसुली यंत्रणा तेथे उभीच राहिली नव्हती. मुंबई इलाख्यात निदान कुलकर्णी-तलाठ्याचे दप्तर होते. बंगालमध्ये पिकाखालचे क्षेत्र पुष्कळदा चौकीदारासारख्यांच्या ऐकीव माहितीवर ठरे. आणि तेथील ताग तर जगाच्या बाजारात जाणारे पीक. ते किती आले, यावर गिरण्या, व्यापारी व लाखो कुळे यांचा व्यवहार अवलंबून होता.

११/
१९३७ पासून महालनोबिस यांनी तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी सुरू केली. नकाशावर यादृच्छिक संख्यांच्या आधारे जागा निवडायच्या, अन्वेषकाने प्रत्यक्ष तेथे जायचे आणि त्या तुकड्यात काय पेरले आहे ते लिहायचे. लहान प्रमाणावर चाचणी, मग थोडी मोठी, मग त्याहून मोठी, अशा पायऱ्यांनी १९४१ पर्यंत ही पाहणी साऱ्या बंगाल प्रांतावर पसरली. शेतन्‌शेत मोजण्याच्या मानाने तिला खर्च व माणसे कितीतरी कमी लागत.

१२/
महालनोबिस यांची खरी कल्पकता मात्र दुसऱ्या एका गोष्टीत होती. एकाच प्रदेशासाठी ते दोन स्वतंत्र नमुने निवडीत आणि दोन निराळ्या तुकड्या पाठवीत. एकीला दुसरीचे आकडे ठाऊक नसत. दोघींची उत्तरे जुळली, तर विश्वास वाढे. फार फरक पडला, तर कोठेतरी कोणीतरी चुकले किंवा झाडाखाली बसून कागद भरले, हे उघड होई. आकड्यानेच आकड्याची साक्ष काढण्याची ही युक्ती होती. खेड्यात १९१८ मध्ये जे साधन कोणाजवळ नव्हते, ते हेच.

१३/
तरीही १९४३ टळले नाही. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला होता. ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने मेदिनीपूर उद्ध्वस्त केले होते. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारी भागातील नावा व तांदळाचे साठे सरकारने काढून घेतले होते. प्रांतात तांदूळ नेमका किती आहे, हे निश्चित सांगता येईल अशी आकडेवारी शासनाजवळ नव्हती. तुटवडा नसल्याची ग्वाही दिली जात असताना कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरत होती. वुडहेड चौकशी आयोगाने १९४५ मध्ये बळींचा अंदाज सुमारे १५ लाख दिला. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

१४/
मृतांच्या आकड्यातच असा दुपटीचा फरक पडावा, यातून त्या व्यवस्थेचे अंधत्व दिसते. दुष्काळ ओसरल्यावर महालनोबिस यांनी रामकृष्ण मुखर्जी व अंबिका घोष यांच्यासह शेकडो खेड्यांतील हजारो कुटुंबांची नमुना पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९४६ मध्ये ‘सांख्य’मध्ये आला. अडीच लाखांहून अधिक कुटुंबे भाताची सारी जमीन गमावून बसली, असा तिचा अंदाज होता. शेतमजूर, कोळी, वाहतुकीवर पोट असणारे, असे रोजच्या कमाईवर तांदूळ विकत घेणारे लोक सर्वाधिक भरडले गेले होते.

१५/
त्या पाहणीचा उपयोग पुढे साडेतीन दशकांनी झाला. १९८१ च्या आपल्या ग्रंथात अमर्त्य सेन यांनी बंगालच्या दुष्काळाची फेरतपासणी केली, तेव्हा कोणत्या व्यवसायाचे लोक देशोधडीला लागले हे दाखविण्यासाठी त्यांनी याच आकड्यांचा आधार घेतला. अन्न एकूण किती आहे, याइतकाच ते विकत घेण्याची ऐपत कोणाची गेली हा प्रश्न निर्णायक असतो, हे त्यांचे प्रतिपादन. सेन यांनी वापरलेल्या पीक-आकड्यांवर मात्र पुढे आक्षेप घेतले गेले, कारण मुळात त्या काळचे पीक-अंदाजच कच्चे होते. चुकीचा आकडा इतिहासकारालाही असा छळतो.

१६/
याच सुमारास दिल्लीत एक मराठी संख्याशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने त्याच प्रश्नाकडे येत होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन व एगॉन पिअर्सन यांच्या परंपरेत संशोधन. १९४० पासून ते कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहू लागले. पुढे त्यांच्या जोडीला विनायक गोविंद पानसे आले. कृषी संशोधकांसाठी या दोघांनी १९५४ मध्ये लिहिलेले पाठ्यपुस्तक कित्येक पिढ्यांनी अभ्यासले.

१७/
सुखात्मे यांचा मार्ग ‘पीक कापणी प्रयोगा’चा. यादृच्छिक पद्धतीने गाव, गावातून शेत, शेतातून तुकडा निवडायचा. त्या तुकड्यातील पीक प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करायचे. येथे नजरेला वाव नव्हता. नजरअंदाजातला एक दोष जाणकारांना ठाऊक होता : चांगल्या वर्षी नजर पीक कमी सांगे आणि वाईट वर्षी ते अधिक सांगे. तिला ‘नेहमीसारखे’ पाहण्याची खोडच असते. म्हणजे जेव्हा सत्य कळणे सर्वांत निकडीचे, नेमकी तेव्हाच आणेवारी सर्वाधिक दगा देई.

१८/
येथे भारतीय संख्याशास्त्रातील एक गाजलेला वाद उभा राहिला. कापायचा तुकडा केवढा असावा? महालनोबिस साधारण चार फूट त्रिज्येच्या व त्याहूनही लहान वर्तुळांच्या बाजूचे होते. तुकडा लहान, म्हणून तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणी जाता येते आणि प्रदेशातील विविधता अधिक चांगली पकडता येते. सुखात्मे मोठ्या आयताकृती तुकड्याचे पुरस्कर्ते होते. उदाहरणार्थ ३३ फूट × १६.५ फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग.

१९/
सुखात्मे यांचा आक्षेप कडेच्या रोपांवर होता. सीमेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात सहसा ते आत ओढतो. समजा, चोहोबाजूंनी एक इंच अधिक कापले गेले. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळात क्षेत्र सुमारे सव्वाचार टक्क्यांनी वाढते. दोन फूट त्रिज्येत साडेआठ टक्क्यांनी. ३३ × १६.५ फुटांच्या आयतात ही वाढ अवघी दीड टक्का. तुकडा जितका लहान, तितकी कड मोठी. आणि कड मोठी, तितके कागदावरचे पीक फुगलेले.

२०/
उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांवर प्रयोग करून सुखात्मे यांनी हे दाखवून दिले आणि १९४६-४७ मध्ये ‘नेचर’सह परदेशी नियतकालिकांतून मांडले. मुद्द्याचे मर्म असे : नमुना वाढवून दैवाची चूक कमी करता येते, पण एकाच दिशेने झुकणारी चूक लाख तुकडे कापले तरी तशीच उरते. आजही माहितीचा प्रचंड साठा हाच सत्याचा पुरावा मानला जातो, तेव्हा हा धडा विसरला जातो.

२१/
वादाला दुसरीही बाजू होती. आकडा गोळा कोणी करायचा? सुखात्मे यांच्या मते महसूल व कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांनीच तो करावा, म्हणजे पद्धत गावोगाव रुजेल व टिकेल. महालनोबिस यांना स्वतंत्र, प्रशिक्षित अन्वेषक हवे होते. कारण ज्याच्या हाती सारावसुली, त्याच्याच हाती मोजणी देणे त्यांना धोक्याचे वाटे. पुढे राज्यांच्या अधिकृत पीक-अंदाजांत सुखात्मे यांची पद्धत स्थिरावली. स्वतंत्र यंत्रणेने खात्याच्या कामावर देखरेख करावी, हा विचारही टिकला. दोघांचेही काही ना काही खरे ठरले.

२२/
स्वातंत्र्यानंतर प्रश्न पिकापुरता राहिला नाही. देशाचे उत्पन्न किती, हे ठरविण्यासाठी १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची १९४० मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी ही गाडगीळांच्या अनुभवाची शिदोरी. समितीला जागोजागी माहितीची भगदाडे आढळली. त्यातून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली.

२३/
पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांतून १,८३३ खेडी निवडली गेली. अन्वेषक घरोघर जाऊन विचारीत : गेल्या काळात काय खाल्ले, काय विकत घेतले, किती पैसा गेला? प्रांतोप्रांती भाषा निराळी, मण-शेर निराळे, बिघाही निराळा. आलेल्या कागदांचे गणित प्रथम माणसेच करीत. १९५० च्या दशकाच्या मध्यास सांख्यिकी संस्थेत ब्रिटनहून भारतातील पहिला अंकीय संगणक आला, तो याच वातावरणात.

२४/
या पाहणीचे सर्वांत खोल पडसाद पुण्यात उमटले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा इंग्रजी अभ्यास प्रसिद्ध झाला. नमुना पाहणीतील १९६०-६१ च्या खर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी विचारले : माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घेणाऱ्या कुटुंबाचा खर्च किती? उत्तर आले, त्या वेळच्या किमतींनी खेड्यात दरमहा दरडोई १५ रुपये, शहरात २२ रुपये ५० पैसे. या रेषेखाली ग्रामीण भारतातील सुमारे ४० टक्के व शहरी भारतातील सुमारे ५० टक्के लोक होते.

२५/
आकडा प्रसिद्ध होताच राजकारण हलले. नियोजनाच्या दोन दशकांचा लाभ तळापर्यंत पोहोचला नाही, हे आता भाषणापुरते विधान उरले नव्हते. त्याला मोजमाप मिळाले होते. ज्याला काम हवे त्याला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, अशी दिशा दांडेकर-रथ यांनी सुचविली. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्याच विचाराची रोजगार हमी योजना आकार घेत होती. १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला.

२६/
येथे सुखात्मे पुन्हा कथेत येतात. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून जवळजवळ दोन दशके ते जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक होते. जगातील दोन-तृतीयांश माणसे उपाशी आहेत, या प्रचलित समजाला त्यांनी आकड्यांनी आव्हान दिले. पोटभर अन्न न मिळणारे १० ते १५ टक्के असावेत, असा त्यांचा १९६१ चा अंदाज होता. निवृत्तीनंतर पुण्यास परतल्यावर त्यांनी दांडेकर-रथ यांच्या रेषेलाही हात घातला.

२७/
सुखात्मे यांचे म्हणणे असे : २,२५० उष्मांक ही सरासरी आहे. माणसामाणसाची गरज निराळी असते. एकाच माणसाची गरजही काळानुसार बदलते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानला, तर निरोगी माणसेही कुपोषितांत मोजली जातील. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. दांडेकरांचा प्रतिवाद असा की, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते म्हणून भूक कमी मोजणे, हे गरिबाच्या सोसण्यालाच त्याची गरज ठरविणे होय. १९८० च्या दशकात पुण्यातील या दोन विद्वानांचा वाद देशभर वाचला गेला.

२८/
दोघांपुढे कागद जवळजवळ सारखेच होते. गणितातही दोघे तरबेज. फरक होता तो कोणती चूक अधिक घातक मानावी, यात. उपाशी नसलेल्याला उपाशी मोजले, तर तुटपुंजे साधन विखुरते; उपाशी माणूस मोजणीतून निसटला, तर तो योजनेतूनही निसटतो. ही निवड कोणतेही यंत्र करून देत नाही. आकडा तेथपर्यंत आणून सोडतो. पुढचा निर्णय समाजाला उघडपणे, कारणे देऊन घ्यावा लागतो.

२९/
आणेवारीचे दिवस संपले, असे मात्र कोणी समजू नये. आणे गेले, पैसे आले. महाराष्ट्रातील खेडी आजही ‘पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर’ या वार्तेकडे कान लावून असतात. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन ठरविताना पीक कापणी प्रयोग निर्णायक ठरत आले. अनेक पिकांसाठी तुकडा १० मीटर × ५ मीटर, म्हणजे जवळजवळ सुखात्मे यांचा ३३ × १६.५ फुटांचाच. आता ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र भरतो आणि उत्पादनाच्या अंदाजात उपग्रह-चित्रांचा वाटा वाढत चालला आहे.

३०/
साधने बदलली, तरी जुने प्रश्न तसेच आहेत. तुकडा कोणी निवडला? कडेचे रोप कोणी मोजले? दुसऱ्या तुकडीने पडताळले का? आणि आकडा सर्वांसमोर येतो का? २०१७-१८ च्या कुटुंब-खर्च पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन शासनाने प्रसिद्ध केले नाहीत; त्यानंतरच्या २०२२-२३ च्या पाहणीचे आकडे २०२४ मध्ये बाहेर आले. मधल्या दशकभरात गरिबी किती घटली, यावर अर्थतज्ज्ञ अप्रत्यक्ष अंदाजांनीच वाद घालीत राहिले. खेड्यात १९१८ साली होते तसेच.

३१/
हॅरॉल्ड मॅन यांनी ज्या गावाचे तुकडे मोजले, ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत मिसळून गेले आहे. तेथून हिंजवडीच्या संगणक कंपन्या जवळ आहेत. माहितीच्या विश्लेषणावर पोट असणारी कुटुंबे आता त्याच शिवारावर राहतात. शंभर वर्षांपूर्वी त्या गावाने स्वतःचे कर्ज, स्वतःचे तुकडे, स्वतःची तूट एका अनोळखी प्राध्यापकाला मोजू दिली होती. पडद्यावरच्या प्रत्येक आकड्यामागे असा कोणीतरी असतो, ज्याचे पीक त्या आकड्याने सोळा आणे किंवा चार आणे ठरते.